प्रेमभोजनात भाकरी नव्हती

"पाळकसाहेब, भाकरी कुठं हाय? दोनशे मानसं काय नुसती आमटी पिऊन घरी जानार?"

शांतवनमामा ओरडले, तेव्हा त्यांच्या हातातला आमटीचा डाव माझ्या नाकापासून वीतभर लांब होता. मामा आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख. आवाज असा, की चर्चमध्ये त्यांनी 'आमेन' म्हटलं की तिकडं घोडेगावच्या बाजारात म्हशी दावी तोडतात.

"आमाला वाटलं तुमी आनाल!" तरुण संघाचा प्रसाद तितक्याच जोरानं म्हणाला.

"अन् आमाला वाटलं तुमी!"

आमच्या हंगामाच्या सणाची, म्हणजे पिकासाठी देवाचे उपकार मानण्याच्या दिवसाची, रीत जुनी आहे. उपासना झाली की प्रेमभोजन. आमटी चर्चच्या अंगणात शिजते आणि भाकरी प्रत्येक घरून फडक्यात बांधून येते. त्या वर्षी मात्र मंडळीत दोन तट पडले होते. मामांना टाळ, ढोलकी आणि आजोबांच्या तोंडची भजनं हवी होती; प्रसादला कीबोर्ड, ड्रम आणि पडद्यावर गाण्याचे शब्द. वाद इतका पेटला, की आमटीसुद्धा दोन पातेल्यांत शिजली. ती कालव्यात सोडली असती तर सोनईपर्यंत शेतं तिखट झाली असती. आणि भाकरी? 'आमच्या भाकरीशी त्यांनी जेवायचं? आणू दे त्यांनाच,' असं घराघरात ठरलं. दोन्ही तट रिकाम्या हातानं आले.

हसू येतं आता. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मामांनी आदल्या दिवशीच मला सांगितलं होतं, सण झाला की आमची बारा घरं वेगळी उपासना सुरू करणार. बारा घरं गेली की मागं बाकडी उरतात आणि मी. तरुणांना थांबवावं तर म्हातारे दुखावतात, म्हाताऱ्यांचं ऐकावं तर पोरं मोबाईलवर दुसऱ्याच कुणाचं प्रवचन ऐकत बसतात. आपली मंडळी नेमकी कशानं एक आहे, गाण्यानं, नात्यानं, की नुसत्या सवयीनं, हा प्रश्न वर्षभर मला झोपू देत नव्हता. त्या सकाळी मी ऐक्यावर पाऊण तास उपदेश केला होता. मला वाटतं, तो फक्त पालीनं ऐकला.

आता डाव उगारलेला, लेकरं भुकेनं रडायला लागलेली, आणि दोन-तीन बायका चपला शोधू लागलेल्या. एकदा माणसं उपाशी घरी गेली की पुन्हा एकत्र येणार नाहीत, हे मला दिसत होतं. मी भिंतीला टेकून एवढंच म्हणालो, "प्रभू, माझ्याजवळचं सगळं संपलं. तूच बघ."

चर्चच्या नळावर ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई हंडा भरत होती. पूर्वेकडची टोळी, चर्चमागच्या शेतात त्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. एरवी त्या वेळी सगळे उसाच्या फडात असायचे. पण कारखान्याचं यंत्र बंद पडल्यामुळं त्या दिवशी तोड थांबली होती. बाईनं आमच्याकडं पाहिलं, हंडा डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

थोड्या वेळानं मागच्या शेतातून थापण्याचा आवाज येऊ लागला. पाळकानं शपथ वाहू नये, म्हणून नुसतं सांगतो: असा आवाज, जणू शंभर ढोलक्या एका तालात. घटकाभरात ती बाई आली, डोक्यावर बाजरीच्या भाकरीची टोपली. मागं आणखी सहा-सात टोपल्या.

"कुनाला देऊ?" तिनं विचारलं.

मामांनी हात पुढं केला. प्रसादनंही केला.

बाई दोघांकडं बघत राहिली. "दोन दोन जागी मी न्हाई वाढनार. आमालाबी भुका लागल्यात. एका पंगतीत बसा, समदेच जेवू."

पंगत बसली. मामांच्या शेजारी प्रसाद आला, कारण जागाच तेवढी उरली होती. टोळीची माणसं मधेमधे बसली. दोन्ही पातेल्यांतली आमटी एकाच ताटात पडली आणि कुणाची कुठली हे कुणाला सांगता येईना. मी आशीर्वाद मागायला उभा राहिलो. दोनच शब्द निघाले. माझ्या सेवेतली ती सर्वांत छोटी प्रार्थना. आणि बहुतेक एकुलती एक, जी मी स्वतः मनापासून ऐकली.

यंत्र का बंद पडलं, बाई त्याच वेळी नळावर का आली, याचा हिशेब मी मांडत नाही. मंडळी मी सांभाळतो, असा माझा समज होता. त्या दुपारी तो माझ्या हातून सुटला आणि मला हलकं वाटलं. देवाचे आभार मानावेत तर त्या बाईच्या पिठानं माखलेल्या हातांकडं बघूनच मानावेत, असं आजही वाटतं.

भांडी घासून झाल्यावर मी धीर करून मामांना विचारलं, "मग, बारा घरांचं काय ठरलं?"

मामा डाव पुसत होते. वर न बघता म्हणाले, "पुढल्या सनाला भाकरी आमच्याकडं लावा. आमटी त्या पोरांला करू द्या."