आठ दिवसांचा नीलम

आक्काताईंच्या हाताला गुण आहे असं गावात म्हणतात ते म्हशींच्या बाबतीत. लाथाळ म्हैस असो नाहीतर पहिल्या वेताची, आक्काताई कासेखाली बसल्या की ती मुकाट पान्हा सोडते. पाटणच्या अलीकडे, कोयनेच्या काठाला त्यांचं गाव. पस्तीस वर्षं दोन वेळची धार काढून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची पेरं सुपारीएवढी फुगली होती, पण धार कधी चुकली नाही. लेकाच्या लग्नातसुद्धा आधी गोठा उरकून मगच त्या मांडवात गेल्या होत्या.

अशा बाईनं स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे दिवाळीला दूध डेअरीकडून वर्षाच्या दुधावरचा फरक मिळाला आणि आक्काताई म्हणाल्या, "यंदाचा फरक माझा. मला निळ्या खड्याची अंगठी करायची हाय," तेव्हा त्यांचे मालक भाऊसो बशीतला चहा प्यायचा विसरले.

"अक्षताला का?" त्यांनी विचारलं. अक्षता म्हणजे सून.

"न्हाई. मला."

त्यामागची गोष्ट आक्काताईंनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांचं माहेर औंधकडचं. सात वर्षांच्या असताना यमाईच्या यात्रेत त्यांनी पितळेची, निळ्या काचेची अंगठी घेतली होती आणि ती चौथ्याच दिवशी वैरणीत हरवली. अंधार पडेपर्यंत त्यांनी कडबा उपसला, वर आईचा मार खाल्ला. पुढं लग्न झालं, पोरं झाली, सोनंनाणं आलं, कधी गेलं, पण ते निळं काही मनातून गेलं नाही. आता याला कुणी हट्ट म्हणेल. म्हणू दे. पन्नास वर्षं दाबून ठेवलेल्या हट्टाला थोडा तरी मान द्यायला हवा की नाही?

पण निळा खडा म्हणजे नीलम, आणि नीलम म्हणजे शनीचा. शेजारची थोरली जाऊ बनाबाई ऐकताक्षणी धावत आली. "आगं, डोस्कं फिरलं का तुजं? रावाचा रंक करतोय त्यो खडा! लेक तिकडं बर्फात बंदूक घेऊन उभा हाय, आन् तू हितं शनीला बोटात घालतीस?"

हे मात्र आक्काताईंच्या काळजाला लागलं. त्यांचा लेक रोहन फौजेत होता आणि सीमेवर होता. तरी तिसऱ्या दिवशी त्या अक्षताला घेऊन एसटीनं कराडला गेल्या.

तिथल्या सराफी दुकानात आता म्हाताऱ्या पोतदारांची लेक संयोगिता बसते. ती पुण्याला दागिन्यांची नक्षी शिकून आलेली. कागदाऐवजी कॉम्प्युटरवर अंगठी काढते, मेणाचा नमुना बोटात घालून बघायला देते आणि मगच सोनं ओतायला घेते. तिनं पांढऱ्या कागदावर पाच नीलम मांडले. आक्काताईंनी ते दुकानाच्या दिव्याखाली बघायलाच नकार दिला. "दिव्याखाली पानी घातल्यालं दूधबी पांढरंच दिसतंय. उन्हात दाव."

दोघी खडे घेऊन पायरीवर आल्या. दोन खडे उन्हातही काळेच दिसले, एक अगदी फिका निघाला. चौथा स्वच्छ होता, नजर लागावी असा. पण आक्काताईंनी उचलला तो पाचवा. पहाटेची धार काढून उठलं की गोठ्याच्या पत्र्यावर जे आभाळ दिसतं, नेमकं तेच त्यात होतं. आत केसाएवढी एक रेघ होती.

"मावशी, ही रेघ दोष नाही. खडा जमिनीतून आलाय याची ती खूण. सर्टिफिकेटवरही लिहिलंय," संयोगिता म्हणाली.

"असू दे की. केसांचा भवरा नसल्याली म्हस तरी कुठं असती?"

मग माप घेतलं. मधल्या बोटाचं पेर फुगलेलं, त्याखाली बोट बारीक. अंगठी पेरावरून उतरायची तर खाली थोडी सैल राहणारच. संयोगितानं मोठ्या हौसेनं उंच बैठक काढली. चार नख्यांनी खडा वर धरलेला, म्हणजे खालून उजेड येऊन तो खुलेल. अंगठी सुरेख होती. फक्त या हातानं बाई काय काम करतात, हे तिनं विचारलं नाही. आक्काताईंनाही ते सांगायचं सुचलं नाही; आपण श्वास घेतो हे कुणी सराफाला सांगतं का?

नीलमाच्या रिवाजाप्रमाणे आठ दिवसांची मुदत ठरली. शनिवारी घालायचा, पुढच्या शनिवारपर्यंत बोटातून काढायचा नाही. मानवला तर आपला, नाही मानवला तर दुकान परत घेणार. शनिवारी संध्याकाळी अंगठी बोटात गेली. त्या रात्री भाकरी थापताना आक्काताई दोनदा हसल्या आणि का हसलात म्हणून अक्षतानं विचारलं तर लाजल्या.

रविवारी सकाळी मैनेनं पान्हा चोरला. मैना म्हणजे नुकती व्यालेली मुऱ्हा म्हैस, आक्काताईंची लाडकी. पुढ्यात पेंडीचं आंबोण असूनही ती अंग चोरत राहिली, पाय झाडत राहिली आणि तांब्याभर दूध देऊन अडून बसली. बाकीच्या दोन म्हशी जुन्या आणि सोशिक, त्याही कुरकुरल्या. संध्याकाळी मैनेनं नीट दूध दिलं. सोमवारी सकाळी पुन्हा तेच, मंगळवारीही तेच. डेअरीवर दूध कमी पडलं आणि व्हायचं तेच झालं. आक्काताई घरी पोचायच्या आधी बातमी बनाबाईकडे पोचली.

"म्या सांगतच हुते," बनाबाई म्हणाली. मी सांगतच होते, हे म्हणायला मिळावं म्हणून माणूस काय काय सोसतं!

भाऊसो जाता-येता अंगठीकडे बघू लागले. दर बुधवारी दुपारी रोहनचा फोन यायचा. त्या बुधवारी तो आला नाही. अक्षतानं चारदा लावला, लागला नाही.

दिवेलागणीला भाऊसो गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. "आगं, काढ ती. दुधाचं जाऊ दे. पोराचं..."

आक्काताई घाबरल्या. साधंसुधं भ्यालेलं मन होतं ते. त्यात श्रद्धा किती आणि अंधश्रद्धा किती हे मोजायची ती वेळ नव्हती. आपल्या हौसेपायी लेकाला काही झालं तर? त्यांनी खोबरेल लावलं, साबण लावला. पण दिवसभर कामानं सुजलेलं बोट. अंगठी जागची हलेना. ओढून ओढून पेर लाल झालं.

"ऱ्हाऊ दे," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "सकाळी गारठ्यात बोट उतरतंय. तवा निगंल. देवापुढं ठिवते, शनिवारी कराडला देऊन टाकते."

सकाळी थंडी मी म्हणत होती. गोठ्यात जाऊन आक्काताईंनी अंगठीला हात घातला तर ती बोटावर गरकन फिरली. काल जी हलत नव्हती ती आज खुळखुळ्यासारखी सैल. खडा जड, म्हणून तो वळून थेट तळव्याच्या बाजूला आला. त्यांनी सवयीनं मूठ वळली आणि नख्या त्यांच्याच तळहाताला टोचल्या.

आक्काताईंनी वाकून मैनेची कास चाचपली. पुढच्या सडावर बारीक लालसर ओरखडा होता.

"आत्ता गं बया!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आवं, हिकडं या!"

भाऊसो धावत आले.

"मला सांगा, मैना सांजच्याला दूध देती का न्हाई?"

"देती की."

"मंग शनिमहाराज काय निस्तं सकाळच्याच धारंला येत्यात व्हय? सांजच्याला सुटी असती त्यास्नी?"

आक्काताईंनी अक्षताकडून दोरा मागवला, अंगठीच्या आतल्या बाजूला जाड गुंडाळला, खडा वर आणून घट्ट बसवला आणि सडाला लोणी लावून त्या कासेखाली बसल्या. मैनेनं एकदा मागं बघितलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि मग पान्हा असा उतरला की किटली अपुरी पडली.

"आन् रोहनचं?" भाऊसोंनी हळूच विचारलं.

आक्काताईंचे हात थांबले नाहीत. "त्येची काळजी मला ही घालायच्या आदीबी हुती, आन् काढली तरी ऱ्हाणार हाय. त्यो मैनेवानी माज्या मुठीत न्हाई. आता म्या काढत न्हाई."

एवढं बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खांद्याला पुसलं. हे बोलायला काय लागतं ते फौजेतल्या लेकाच्या आईलाच ठाऊक. रोहनचा फोन शुक्रवारी आला, दुसऱ्याच नंबरवरून. त्याला वर नव्या चौकीवर हलवलं होतं आणि तिथं रेंज नव्हती. पहिलं वाक्य होतं, "आई, अंगठी आली का? फोटू धाड की."

शनिवारी आक्काताई दुकानात शिरल्या, तेव्हा दोऱ्यानं बांधलेली अंगठी बघून संयोगिताचा चेहरा उतरला. "खडा परत ना मावशी?"

"खड्याला हात लावू नगंस. त्येची बैठक बदल. हिकडं बोट कर."

आणि भर दुकानात त्यांनी संयोगिताचं बोट मुठीत धरून धार कशी काढतात ते करून दाखवलं. नख्या लागताच पोरगी "आई गं" म्हणून ओरडली.

"मैनाबी हेच म्हनत हुती," आक्काताई म्हणाल्या.

संयोगिता आधी खजील झाली, मग खूप हसली आणि मग कामाला लागली. या खेपेला तिनं दोन मापं घेतली, कारण आक्काताईंनी सकाळच्या आणि संध्याकाळच्या बोटाला गुंडाळलेल्या कागदाच्या पट्ट्या घरूनच आणल्या होत्या. नख्या गेल्या. खडा सोन्याच्या बंद कोंदणात खाली बसला, कडा गोटीसारख्या गुळगुळीत झाल्या. अंगठीच्या आतल्या अंगाला दोन बारीक मणी आले. पेरावरून उतरताना ते आड येत नाहीत, पण नंतर अंगठीला फिरू देत नाहीत. तेव्हापासून दुकानात कुणी माप द्यायला आलं की संयोगिता आधी विचारते, "हातानं काय काम करता?"

निगाही तिनं समजावून सांगितली. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, थोडा रिठा आणि लहान पोराचा मऊ ब्रश. कारण दुधाची साय आणि भाकरीचं पीठ बसलं की चांगला खडासुद्धा मंद दिसतो. इतर दागिन्यांत टाकायची नाही. खडा कठीण, तो सोन्यालाच चरे पाडेल. आणि महिन्यातून एकदा कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळलं तर सरळ दुकानात यायचं.

"नारळावानी," आक्काताई म्हणाल्या आणि त्यांच्या सगळं ध्यानात राहिलं.

अंगठी धुवायचा वार आता शनिवार आहे. भाऊसो मारुतीच्या देवळात शनीला तेल घालून येतात आणि येऊन आपणच पाणी कोमट करून देतात. विचारलं तर म्हणतात, चुलीवर हुतंच, म्हनून दिलं.

परवा डेअरीच्या रांगेत बनाबाईनं आक्काताईंचा हात धरला, उन्हात फिरवून बराच वेळ खडा बघितला. आवडला होता, पण तसं बोलेल तर ती बनाबाई कसली!

"मानवला म्हनायचा तुला नीलम," ती म्हणाली.

"मला पयल्याच दिवशी मानवला हुता," आक्काताई किटली पुढं सरकवत म्हणाल्या. "म्हशीला मानवाया आठ दिस लागलं."