बोंबलांच्या जबड्यात बोट

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी घाटावरून वेल्डर व्हायला आलो होतो. वेल्डिंग मला येत होतं, फक्त कोणी बघत नसताना. ठेकेदाराच्या साहेबांनी परीक्षेसाठी जोडायला दोन लोखंडी पट्ट्या पुढे ठेवल्या, आणि माझ्या अंगाने सरळ बंड पुकारलं. कानांत भुंगा, जिभेला कोरड. हात असा थरथरला की रॉड पट्टीला चिकटूनच बसला.

"चिपक गया," शेजारचा कामगार म्हणाला. जसं काही मला दिसलंच नव्हतं!

आठ दिवसांनी शेवटची संधी होती. तीही गेली, तर परत गावी. आणि गावी वडिलांनी मला केव्हाच नोकरीला लावून टाकलं होतं. घरोघरी सांगून झालं होतं.

मी कोळीवाड्यात एका मावशीच्या पडवीत भाड्याने राहायचो. दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू झालं तेव्हा मी पायरीवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होतो. मावशी समोरच्या दोऱ्यांवर ओले बोंबील वाळत घालत होती. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची.

"बसून काय र्‍हायलास? अडकव."

पहिल्याच बोंबलाने माझं बोट धरलं. सुईसारखे बारीक दात.

"मेलेला मासा चावला तुला!" मावशी खिदळली. "जिता असता तं घाटावर पळाला असतास!"

"हात थरथरतो, मावशी."

"थरथरू दे. दम कोंडून नाय व्हायाचा. सोड दम, मंग अडकव."

मी श्वास सोडला. जबडा, जबडा, दोरी. पुन्हा श्वास. हळूहळू उजाडत गेलं, खारा वारा सुटला आणि त्या पांढुरक्या जोड्या एका लयीत झुलू लागल्या. ते बोंबील हलताहेत की मीच झुलतोय, कळेना. गाव, वडील, साहेब सगळे भरतीच्या पाण्यावरून दूर दूर निघाले होते. किती दोऱ्या भरल्या, कोण जाणे. हात थरथरायचे कधी थांबले, तेही मला कळलं नाही.

आठही सकाळी मी तेच केलं.

परीक्षेच्या दिवशी कानांत पुन्हा भुंगा शिरला. मी त्याला गुणगुणू दिलं. काच तोंडावर घेतली, श्वास सोडला, रॉड टेकवला. काचेआड एक हिरवट ठिणगी संथपणे पट्टीवरून सरकत राहिली, आणि मी तिच्यामागून झोपेत चालल्यासारखा गेलो.

साहेबांनी जोड ठोकून, उलटून पाहिला. "ठीक आहे. सही कर."

मी टाक उचलला, आणि आठ दिवस कुठेतरी दडून बसलेली थरथर एकदम हातात उतरली. कागदावर जे उमटलं, ते माझं नाव आहे हे मलाही पटेना.

टेबलामागच्या कारकुनाने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना विचारलं, "वेल्डिंग यानेच केलंय ना?"