दामूकाकांचे दोन मार्क

शिरगावात दामूकाकांना "कसे आहात?" असं कुणी विचारत नसे, कारण उत्तराऐवजी प्रश्नच यायचा. तुम्ही पिशवी घेऊन बाजाराला निघालेले असा नाहीतर ताप अंगावर घेऊन डॉक्टरकडे, समोरून त्यांची सायकल आली की संपलंच. एक पाय जमिनीला टेकवून ते म्हणायचे, "थांब. वीज आदी दिसते, गडगडाट मागून येतो. का?" उत्तर दिल्याशिवाय सायकल बाजूला व्हायची नाही. बरोबर आलं तर सदऱ्याच्या खिशातून एक जाम निघायचा, त्यांच्याच वाडीतलं पांढरं, रसाळ फळ. जामांचा हंगाम नसला तर चिकू. त्यामुळे त्यांचा खिसा कायम ओला नाहीतर चिकट. सुमनकाकू म्हणायच्या, "यांचे कपडे मी धूत नाय, सोलते."

बोईसरच्या एका कारखान्यात ते पॅकिंगला होते. शिफ्टच्या बसमध्येही हाच धंदा. बिहारची, यूपीची मुलं डोळे चोळत चढायची आणि काका विचारायचे, "बताओ, कोहरा और बादल में क्या फरक हाय?" मुलं त्यांना सवालवाले चाचा म्हणायची आणि मुद्दाम त्यांच्या शेजारची जागा टाळायची. पण जाम मिळतात म्हटल्यावर त्याच जागेसाठी भांडायचीसुद्धा!

एकदा तर त्यांनी माझ्या आत्याच्या लग्नात भटजींना धरलं. मुहूर्ताला पाच मिनिटं उरलेली आणि यांचा प्रश्न, "खारे वारे दिवसाच का येतात?" भटजी वैतागून म्हणाले, "कारण रात्री मतलई येतात." काकांनी क्षणभर विचार केला. "अर्धं बरोबर. जमीन लवकर तापते, ते राह्यलं." मग त्यांनी जाम दातांनी मधोमध तोडला आणि अर्धा भटजींच्या हातावर ठेवला. भटजींनी तो खाल्लाही, काय सांगू!

पण काकांचा खरा सण म्हणजे धुळवड. दुपारपर्यंत रंग धुऊन झाले की चार वाजता देवळासमोरच्या मैदानात त्यांची 'वसंताची परीक्षा' असायची. प्रश्न सगळे ऋतूचे आणि हवेचे. पळस आधी फुलतो की त्याला पानं आधी येतात, होळीच्या पुनवेला समुद्राला उधाण का, असले. वाडीवाले, कोळीवाड्यातल्या बायका, शाळेची मुलं, सगळं गाव उन्हं कलेपर्यंत बसायचं. बक्षीस दरवर्षी एकच, छत्री. ऐन उन्हाळ्यात छत्री बघून पाहुणे हसायचे, तर काका म्हणायचे, "पावसात काय, कोणीपण घेतो."

मी सातवीत होते तेव्हा बक्षिसाची छत्री निळी होती, बटण दाबलं की फटकन उघडणारी. मला ती हवीच होती. शेवटच्या प्रश्नापर्यंत मी आणि बाळ्या पाटील बरोबरीत होतो. काकांनी विचारलं, "एकवीस मार्चला दिवस मोठा की रात्र?"

मी हात वर केला. "दिवस मोठा."

"चूक! दोन्ही समान."

"नाही काका. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्य उगवायची नि मावळायची वेळ दिलीय. मी वजाबाकी केली. बारा तासांच्या वर सहा मिनिटं येतात."

काकांनी हातातलं जाडं पुस्तक उंच धरलं. "पुस्तकात समान लिवलंय. कॅलेंडरवाल्याला काय कळतं?" लोक हसले. माझ्या नाकावर राग तेव्हाही होताच. मी ओरडले, "मग तुमचं पुस्तक चूक!"

दोन मार्क गेले आणि छत्री बाळ्याला मिळाली. एवढ्यावर भागलं नाही. आईनं माझा कान धरला. "मोठ्या माणसाला उलटून बोलतेस?" तिनं मला त्याच संध्याकाळी काकांच्या ओटीवर नेऊन उभं केलं. मी "चुकले" म्हणाले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि एक जाम दिला. तो मी वाटेतल्या विहिरीत टाकला. ती वजाबाकी मी त्या रात्री पुन्हा करून बघितली आणि पुन्हा सहाच मिनिटं आली, म्हणून तर जास्त रडले.

पुढे मी शिकले आणि बोईसरलाच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. लग्न होऊन उमरोळीला राहायला गेले. काका दिसले की मी रस्ता बदलायची. वर्षं गेली तरी बदलायची. कुणाला हसू येईल, पण दोन मार्कांचा राग असा असतो.

रिटायर झाल्यावर मुलानं काकांना मोबाईल घेऊन दिला. झालं, त्यांच्या प्रश्नांतून माणसं सुटली आणि मोबाईल सापडला. मग एकदा होळी आठवड्यावर आली असताना आमच्या कंपनीच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, एक चाचा आये हैं. आपका नाम बोलते हैं."

मी बाहेर गेले. भर दुपारी काका रिक्षातून उतरून उभे होते, घामानं निथळत. त्यांनी मला प्रश्न विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"अलके, तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "हवा उजेड वाकवते. सूर्य वर यायच्या आदीच तो आपल्याला दाखवते, आन बुडाल्यावर पण जरा धरून ठेवते. वर आपण नुसती कड दिसली की उगवला म्हणतो. म्हंजे दिवस लांबला ना? खरी बरोबरी पाच-सहा दिवस आदीच होऊन जाते. आमी पुस्तक बघत बसलो. तुजे दोन मार्क द्यायला आलोय."

मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात तिडीकच गेली. "कापलेत सगळ्या गावासमोर, आणि द्यायला इथे गेटवर?"

काकांनी मान खाली घातली. "तितं बोललो तर लोक म्हणतील, इतकी वर्षं दामूनं अजून काय काय खोटं सांगितलं आसंल? ना मी मास्तर, ना सरपंच. गावात मला ही एक परीक्षाच हाय, पोरी. ती गेली तर मला कोण विचारतो?"

"मग राहू द्या मार्क तुमच्याकडेच," मी म्हणाले आणि आत निघून आले. त्या दुपारी लॅबमधलं माझं टायट्रेशन दोनदा चुकलं.

धुळवडीला जाणारच नव्हते. आईनं ओढून नेलं. आम्ही मागे बसलो. काकांनी माईक घेतला आणि म्हणाले, "पयला प्रश्न आज मलाच हाय. एकवीस मार्चला दिवस मोठा की रात्र? मी इतकी वर्षं समान सांगत आलो. चूक. दिवस मोठा. हे अलकानं सातवीत सांगितलं होतं आन मी तिचे मार्क कापले."

मग बाळ्या उठला. त्याच्या आता तीन रिक्षा आहेत. "काका, ती छत्री कधीच मोडली. आता काय दांडा आणून देऊ?" मैदान खदाखदा हसलं. मागून एक कोळीण ओरडली, "दामूभाऊ, मग माजं उधाणाचं उत्तर पण परत तपासा!" पाठोपाठ चौघं-पाचजण उठले. ज्याची काकांना भीती होती तेच झालं होतं, आणि लोक मात्र मजेत होते.

काकांनी हात वर केला. "तपासू, सगळी तपासू. पण मार्क परत देणं सोपं हाय. ही पोर बरोबर आसून माज्या ओटीवर येऊन चुकले म्हणाली. आन मी ते ऐकून घेतलं. ती माफी माजी नव्हती. ती परत करतो." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं सगळ्या गावासमोर मला हात जोडले.

मी दोन मार्कांसाठी ढसाढसा रडले. आई शेजारून म्हणाली, "भाऊ, कान मी धरला होता तिचा."

"तुमचं तुमी बघा, वहिनी," काका म्हणाले. "मी माजं देतोय."

त्या वर्षापासून नवा नियम झाला. काकांचं उत्तर कुणालाही चूक वाटलं तर त्यानं वर यायचं आणि दाखवायचं. परीक्षा अंधार पडेपर्यंत लांबायला लागली. काकांना वाटलं होतं आपल्याला कुणी विचारणार नाही, आणि आता लोक त्यांना घरी गाठून भांडायला लागले. ते इतके खुश मी कधी पाहिले नव्हते. सुमनकाकू चहा करून करून थकल्या.

गेल्या श्रावणात काका गेले. झोपेत, काही त्रास न होता. यंदाच्या धुळवडीला माईक माझ्या हातात आला. मी विचारलं, "आकाशातून पडणारा पावसाचा लहान थेंब कसा असतो?" उत्तर होतं, गोल.

पाचवीतली एक मुलगी ताडकन उठली. "चूक, ताई! थेंबाला शेंडी असते. आमच्या पत्र्यावरून पडताना मी बघितलीय."

माझे कान तापले. खोटं कशाला सांगू, "खाली बस" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हणाले, "ये वर. दाखव." तिनं तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून वर धरलं. बोटाला लोंबणाऱ्या थेंबाला शेंडी होती, अगदी खरी. मी सांगितलं, सुटेपर्यंत असते, सुटल्यावर गोळी होते. आम्ही दोघींनी दहा मिनिटं थेंब पाडले. लोक कंटाळले. ती चूक होती, पण शेवटपर्यंत म्हणत होती, "तरीपण शेंडी असतेच."

ती खाली उतरली तशी तिच्या आईनं तिचा दंड धरला. "आगाऊ कुठली! ताईंची माफी माग आधी."

"नाही हं!" मी माईकमधूनच ओरडले, इतक्या मोठ्यानं की सगळं मैदान दचकलं. "माफीबिफी काही मागायची नाही तिनं. सोडा तिचा हात."