गुलाबकाकूंचं मनगट

घरामागच्या शेडमध्ये बसून गुलाबकाकू कलमं बांधायच्या. जंगली गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, तिच्यात चांगल्या जातीचा कोंब बसवायचा आणि पट्टीनं आवळायचं. मुलाचं शिक्षण, डोक्यावरचं छप्पर, त्याची स्कूटर, सगळं या कलमांवर उभं राहिलं. पण दवाखान्यात डॉक्टरांनी "या काय काम करतात?" असं विचारलं, की उत्तर द्यायला मुलगा पुढे. "काही नाही हो, आई घरीच असते."

ऐकून अंगाचा तिळपापड होतो. आणि काकूही काही कमी नाहीत! दवाखान्यात जायचं म्हणून नखं ब्रशनं घासघासून हात असे लख्ख करायच्या, की मातीचा कण दिसू नये. उजवं मनगट सुजलं होतं. त्यात आधी काटा घुसून मोडला होता, तेही "त्यात काय सांगायचं" म्हणून बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी मुलाकडे बघूनच संधिवात ठरवला आणि सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन ठोकलं. सूज उतरली, घर खूश. मग ती दुपटीनं परतली. पुन्हा तेच इंजेक्शन! रोगाला आयता खुराक. हातातून चाकू निसटायला लागला, तेव्हा काकूंनी मुलाला दुसऱ्या दवाखान्यात न्यायला लावलं. हात गेला तर कलमं संपली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाहेर बसवलं.

"काकू, दिवसभर हातांनी काय करता?"

"गुलाबाची कलमं बांधते."

"काटे टोचतात?"

"नाहीतर काय, गुलाब गुदगुल्या करणार?"

बाईंनी सांध्यातलं पाणी सुईनं काढून तपासायला दिलं. प्रयोगशाळेला बजावलं, बुरशी सावकाश वाढते, नमुना घाईनं फेकू नका. काही आठवड्यांनी बुरशी उगवलीच, काट्यावाटे आत शिरलेली, स्टेरॉईडवर पोसलेली. ऑपरेशन करून सांधा साफ केला, बुरशी मारणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने चालल्या.

रोग हटला. मनगट मात्र अर्धंच वळू लागलं. काकूंनी शेडमध्ये बसून पाहिलं. खोडाला चीर पडेना.

शेवटच्या तपासणीला बाई म्हणाल्या, "काट्याचं पहिल्याच तपासणीत कळलं असतं, तर सांधा बराच वाचला असता."

मुलगा उसळला. "पण आम्ही अगदी सुरुवातीलाच डॉक्टरांकडे गेलो होतो!"

"गेलो होतो की," काकू कडाडल्या. "मनगट माझं होतं आणि तोंड तुझं चाललं होतं."