ताट उचलून जाणारी फाईल

साप्ताहिकाचे छपाईचे खिळे झिजले होते. अनुस्वार उमटत नसत, वेलांट्या अर्ध्यावर तुटत, आणि नवे खिळे ओतून देणाऱ्या फाउंड्रीने पत्रांना उत्तर देणं थांबवलं होतं. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. रत्नागिरीत ऑफसेटचं यंत्र आलं होतं. त्याला शिशाचा मजकूर नको होता, कागदावर छापलेला स्वच्छ मजकूर हवा होता. तो संगणकावर जुळवता येत असे. साप्ताहिकाकडे संगणक नव्हता आणि घेण्याची ऐपतही नव्हती.

संपादकांना सगळे भाऊ म्हणत. पेपर त्यांच्या वडिलांनी सुरू केलेला. भाऊंनी छापखान्यात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शुक्रवारचा अंक शुक्रवारी टपालात पडतोय तोवर पेपर चालेल. एक शुक्रवार चुकला की कुलूप. रडतखडत काढायचा नाही."

वर्गणीदारांतले निम्मेअधिक मुंबईत नोकरीला होते. गावची बातमी त्यांना आठवड्यातून एकदा मिळे, ती या अंकातून. भाऊ बोललेला शब्द फिरवत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं.

छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बाई होत्या. त्यांना आम्ही काकी म्हणत असू. खिळ्यांच्या पेटीत कोणत्या खणात कोणतं अक्षर आहे, हे त्या न बघता सांगत. इंग्रजी जाहिरातीही त्या जुळवत, अर्थ न कळता, एकेक अक्षर उलटं वाचून. उपसंपादक, वार्ताहर आणि मुद्रितशोधक ही कामं माझ्याकडे होती. मुंबईच्या एका दैनिकात उमेदवारी करताना संगणकाशी थोडी ओळख झाली होती, म्हणून तेही काम माझ्याकडे आलं.

भाऊंनी दोन ठिकाणी शब्द टाकला. शहराबाहेर कातळावर काजूचा एक कारखाना होता. तिथला संगणक अकाउंटंटच्या टेबलावर असे आणि बुधवारी दुपारी, ते घरी जेवायला जात तेव्हा, मोकळा राही. दुसरा एका इंजिनीअरच्या कचेरीत होता. इंजिनीअर साइटवर गेले की तो मिळे. कारखान्याच्या अकाउंटंटनी एकच अट घातली.

"वापरा, छापा, काय ते करा. जाताना आमच्या मशीनवर तुमचं काही राहता कामा नये. एक अक्षरसुद्धा."

बुधवारी कुठलं यंत्र मिळणार हे बुधवारीच कळे. वीज कुठे आहे, इंजिनीअर कुठे आहेत, यावर ते ठरे. मराठी अक्षरांचा प्रोग्राम आमच्या फ्लॉपीवर होता, पण फ्लॉपीवरून तो रखडत चाले. तो आधी यंत्राच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा लागे. कारखान्यातल्या यंत्रात हार्ड डिस्कचं अक्षर होतं सी. इंजिनीअरच्या यंत्रात तिचे दोन भाग केलेले होते. सी नकाशांनी भरलेला आणि डी मोकळा. कारखान्यात डी लिहिलं तर यंत्र असा ड्राइव्हच नाही म्हणून इंग्रजीत सांगून गप्प बसे. इंजिनीअरकडे सी लिहिलं तर जागा नाही म्हणे. दोन्ही वेळा काकी हात मांडीवर ठेवून मी येण्याची वाट बघत. बुधवारी दुपारी जिल्हा परिषदेत किंवा कोर्टात हजर असणं हे माझं काम होतं. काकींना एकटीने अंक उरकता आला नाही, तर एखादा शुक्रवार चुकणार हे उघड होतं.

यंत्रानेच आपलं अक्षर शोधावं, असं ठरवलं. डॉसमध्ये, म्हणजे तेव्हाचे संगणक ज्यावर चालत त्या प्रणालीत, एकाखाली एक आज्ञा लिहून ठेवता येतात. एक नाव टाइप केलं की त्या ओळीने पार पडतात. अशा यादीला बॅच फाईल म्हणतात. पहिल्या ओळीत ए, बी, सी, डी, ई ही अक्षरं लिहिली आणि प्रत्येकाला विचारलं, आहेस का? जे शेवटी हो म्हणेल तिथे काम मांडायचं.

पहिली चाचणी इंजिनीअरच्या कचेरीत झाली. भाऊ मागे उभे होते.

"हे काय, कौल लावताय काय देवाला?" ते म्हणाले.

"तसंच काहीसं. एकेका ड्राइव्हला विचारायचं."

"मग नारळ आणायला हवा होता."

नारळाने काही झालं नसतं. ए म्हणजे फ्लॉपीची खाच. चाचणीची फाईल तिथल्याच डिस्कवर लिहिली होती आणि फ्लॉपी काकी ती ठेवत त्या डब्यात होती. रिकाम्या खाचेला विचारताच यंत्र अडलं आणि पडद्यावर प्रश्न आला: सोडून देऊ, पुन्हा बघू की अपयश मानू? उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकेना.

भाऊ म्हणाले, "मूर्तीच नाही त्या देवळात कशाला कौल लावायचा?"

ए आणि बी ही फ्लॉपीची अक्षरं ओळीतून काढली. सी, डी, ई एवढीच ठेवली. नसलेल्या हार्ड डिस्कबद्दल विचारलं तर यंत्र मुकाट्याने पुढे जातं, हे करून पाहिलं. कारखान्यात सी निघाला, इंजिनीअरकडे डी. काकींनी दोन्हीकडे तेच एक नाव टाइप केलं आणि दोन्हीकडे मराठी अक्षरं पडद्यावर आली.

"एवढंच?" काकी म्हणाल्या. "मग इतके दिवस मला सी आणि डीचं पाठांतर कशाला करायला लावलंत?"

फाईलच्या शेवटी साफसफाई होती. तयार पानं फ्लॉपीवर उतरवायची, मग हार्ड डिस्कवरचं आपलं सगळं पुसायचं. काही बुधवार मी बरोबर होतो आणि सगळं सुरळीत झालं. त्यानंतरच्या बुधवारी जिल्हा परिषदेची सभा होती. काकी एकट्या एस.टी.ने कारखान्यात गेल्या, पानं काढून आणली, अंक वेळेवर निघाला.

पुढच्या सोमवारी अकाउंटंट स्वतः छापखान्यात आले. छत्री दारात न ठेवता हातातच धरून उभे राहिले.

"पगारपत्रक सेव्ह होईना. जागा नाही म्हणतोय. बघतो तर काय, तुमचा अख्खा पेपर आमच्या डिस्कवर! गणपतीच्या वर्गणीपासून भाताच्या लावणीपर्यंत!"

"असं व्हायला नको होतं," भाऊ म्हणाले.

"लोकांच्या घरी पोटभर जेवायचं आणि ताट तसंच टाकून उठायचं? आमच्याकडे अशी पद्धत नाही. बुधवारपासून येऊ नका."

ते निघून गेले. इंजिनीअरचं यंत्र दुरुस्तीसाठी कोल्हापूरला गेलेलं होतं. याचा अर्थ बुधवारी यंत्र नव्हतं. भाऊंनी खिशातून छापखान्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बुधवार संध्याकाळपर्यंत थांबतो."

फाईलमधल्या ओळी कागदावर काढून तपासल्या. साफसफाईच्या आज्ञा बरोबर होत्या. त्या पार पडल्या नव्हत्या, एवढंच खरं होतं. का, ते कागदावर दिसत नव्हतं. मंगळवारी सकाळी टायपिंग क्लासच्या मालकांकडून तासाभरासाठी त्यांचा संगणक मागून घेतला. छापायला त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता, पण चाचणीपुरतं ते यंत्र पुरेसं होतं. काकींना सांगितलं, त्या दिवशी केलं तसंच सगळं करा, मी बोलणार नाही.

काकींनी डबा उघडला. पावसाळ्यात आमच्याकडे फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून त्या ती स्टीलच्या डब्यात, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवत. फ्लॉपी घातली, नाव टाइप केलं, एक पान उघडलं, बंद केलं. पान फ्लॉपीवर उतरताना खाचेवरचा लाल दिवा लागला. दिवा विझला त्याच क्षणी काकींचा हात पुढे गेला, फ्लॉपी बाहेर आली, डब्यात गेली, झाकण लागलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. बॅच फाईल असलेली डिस्क घाला आणि कुठलीही कळ दाबा. मी शिकवलं होतं तसा काकींनी पडदा बंद केला.

डॉस बॅच फाईल एकदम वाचत नाही. एक ओळ वाचतं, ती पार पाडतं, मग पुढची ओळ वाचायला पुन्हा डिस्ककडे जातं. साफसफाईच्या ओळी फ्लॉपीवर होत्या आणि फ्लॉपी डब्यात. आधीच्या बुधवारी ती मी काढत असे, सगळं संपल्यावर.

"काकी, दिवा विझला तरी थोडं थांबायचं. मी सांगेन तेव्हाच काढायची."

पुन्हा केलं. दिवा विझला आणि हात गेला. तिसऱ्यांदा केलं. हात अर्ध्यावर थांबला आणि गेलाच.

काकी स्वतःच हसल्या. "वापरलेला खिळा परत खणात. जन्म गेला त्यात. हात माझा ऐकत नाय, तो तुमचा काय ऐकणार?"

"मग फाईलच बदलतो."

"बदला बाई ती फाईल. मी नाय बदलायची आता."

तासातला वेळ उरला होता तेवढ्यात बदल झाला. अक्षर सापडलं की फाईलने सर्वांत आधी आपलीच एक प्रत त्या हार्ड डिस्कवर ठेवायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवरून चालवायचं. मधल्या वेळात फ्लॉपी डब्यात गेलेली असू शकते, म्हणून पानं उतरवण्याआधी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहिले, फ्लॉपी घाला. त्यानंतर दिवा विझेल, काकी फ्लॉपी काढतील, काढू देत. साफसफाईच्या ओळी तेव्हा हार्ड डिस्कवर असतील. पुसताना यंत्र खात्री आहे का असं विचारतं. त्याचं होकारार्थी उत्तरही ओळीतच लिहून ठेवलं. शेवटच्या ओळीत फाईलने स्वतःची प्रत पुसायची.

या शेवटच्या ओळीनंतर यंत्र पुढची ओळ वाचायला जातं, आणि फाईलच उरलेली नसते. पडद्यावर येतं, बॅच फाईल सापडत नाही. ते घालवायला वेळ नव्हता आणि कारणही नव्हतं. उलट तो संदेश आला म्हणजे मागे काही राहिलं नाही, याची खूण. काकींना सांगितलं, ही ओळ दिसल्याशिवाय पडदा बंद करायचा नाही. पडद्याची सवय त्यांच्या हाताला अजून लागलेली नव्हती, ते त्यांनी मानलं.

बुधवारी साडेबाराला काकी आणि मी कारखान्याच्या दारात उभे होतो. टरफलांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. अकाउंटंट डबा घेऊन नुकतेच खुर्चीवर बसले होते. त्या दिवशी ते घरी गेले नव्हते.

"सांगितलं होतं ना येऊ नका?"

"तुमच्यासमोर एकदा करून दाखवतो," मी म्हटलं. "काही राहिलं तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

त्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी पदर खोचला होता आणि डबा दोन्ही हातांत धरला होता.

"बसा. मी इथेच जेवतोय. बघतो."

काकींनी पानं केली. प्रिंटर करकरत राहिला. अकाउंटंटनी जेवताजेवता छापलेलं एक पान ओढून घेतलं, राजापूरची बातमी वाचली आणि परत ठेवलं. शेवटी पडद्यावर फ्लॉपी घाला असं आलं. काकींनी फ्लॉपी घातली. दिवा लागला, विझला. हात गेला. फ्लॉपी बाहेर.

हार्ड डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत राहिला. मग पडद्यावर इंग्रजी ओळ आली.

"बघा, एरर!" अकाउंटंट खरकट्या हातानेच उठले.

"तोच यायला हवा, साहेब," काकी म्हणाल्या. "आमचं ताट उचललं म्हणतोय तो."

अकाउंटंटनी हात धुतला, खुर्ची पुढे ओढली आणि डिस्कवरच्या फायलींची यादी काढली. एकदा वरून खाली पाहिली. मोकळी जागा किती ते पाहिलं, टेबलावरच्या कागदावर आधी लिहून ठेवलेला आकडा पाहिला. यादी पुन्हा काढली.

"पुढच्या बुधवारी एकच्या आत या," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "तीननंतर मला बिलं करायची असतात."

शुक्रवारचा अंक शुक्रवारी टपालात पडला. भाऊंची किल्ली गुरुवारपर्यंत टेबलावरच होती; ऑफसेटवरून गठ्ठे आले तेव्हा त्यांनी ती उचलून खिशात टाकली. एररची ओळ त्यानंतर दर बुधवारी येत राहिली. ती पडद्यावर उमटायच्या आधी डब्याचं झाकण लागलेलं असे.