कुंभारणीची घरं

आमच्या मसोलीत दारोदार मिरची विकणारी सोनीबाई तलासरीकडच्या पाड्यावरची. ओळख वीस वर्षांची. मी शाळेतली बाई, म्हणून कसलाही गोंधळ झाला की ती तो आणून माझ्या ओट्यावर टाकते.

दरवर्षी भात झोडून झालं की ती कुडाची भिंत लिंपते, आणि त्याआधी भिंतीवरची कुंभारणीची घरं विळ्याने खरवडून काढते. कुंभारीण म्हणजे चिखलाचं इवलंसं घर बांधणारी बारीक कमरेची माशी. पूर्वी एकदा असं घर फुटलं, तर आत हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या. मिरचीची पानं खाणाऱ्याच. सोनीबाईने तिथेच निकाल लावला: ही बया अळ्या पाळते आणि माझ्या मिरचीवर सोडते. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी तिचा हात मोडला, भिंत तशीच राहिली. घरं वाढली आणि मिरचीवरची अळी मात्र घटली. "बाई, हा उलटा न्याय कसा?" मला काय डोंबल ठाऊक? शेवटी शेतीखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, कुंभारीण अळी पाळत नाही, पकडते. डंख मारून तिला गपगार करते, आधीच अंडं घातलेल्या घरात कोंडते आणि तोंड लिंपते. तिचं पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढतं. घरं मोडू नका, मिरचीवर औषध मारू नका, जवळपास ओला चिखल असू द्या.

हे ऐकून सोनीबाई आणखीच गोंधळली. यंदा तिच्या धनेशचं लग्न, भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं तांदळाच्या पिठाचं चित्र, लिहायचा, भिंत कोरी हवी. "मोडू का ठेवू?" ठेव म्हटलं खरं, पण एका वर्षाच्या मिरचीवरून मी तरी छातीठोक काय सांगणार?

लग्नाला गेले तेव्हा तिची काळी नावाची नणंद विळा घेऊन भिंतीपाशी उभी होती. सोनीबाईने तिचा हात धरला.

"चांगल्या हायत का या कुंभारणी?" काळीने विचारलं.

"ठाव नाय. पण यंदा नको."

चौक थोडा बाजूला सरकवून लिहिला. लिंपणाचा उरलेला चिखल सोनीबाईने परसात ओला ठेवला होता.

हळदीच्या गडबडीत एक कुंभारीण हिरवी अळी धरून आली आणि भिंतीवरच्या आपल्या घरात शिरली. सोनीबाई पाहुणे सोडून बघत राहिली.

"आत पोर हाय ना तिचं?"

"हो."

"मंग वीस वरसं मी काय मोडलं, बाई?"

समोर मांडवात धनेशला हळद लागत होती.