तीन-तीनचा डाव

पोलादपूरच्या आमच्या शाळेत कदमबाई खेळ शिकवायच्या. फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला त्या मध्येच ओरडून विचारायच्या, "काय गं, डब्याला काय आणलंस?" तिनं धावता धावता "भाकरी आणि वालाची उसळ, बाई" असं सरळ सांगितलं, की दोन्ही बाजूंची एकेक मुलगी बाहेर काढायच्या. नुसतं "भा...करी" आलं, की एकेक आत घ्यायच्या. मी तेव्हा भूगोल शिकवायला नवीनच आले होते. मला वाटलं, बाईंना भूक लागली असावी.

"अकराजणींच्या खेळात दोघी-तिघी हवा खात उभ्या असतात," बाईंनी मला समजावलं. "तीन-तीनचा डाव लावला की लपायला जागा नाही. माणसं कमी केली की प्रत्येकीचं काम वाढतं. किती वाढलं, ते उत्तर देतानाचा श्वास सांगतो." मी म्हटलं, आपल्या शिक्षकांच्या खोलीतही तेच चाललंय, रिकाम्या जागा भरतंय कोण? बाई खूप हसल्या. मैदानाला फेऱ्या मारायला लावणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. मुख्याध्यापकांना मात्र फेऱ्या हाच खरा व्यायाम वाटायचा आणि त्यावरून दोघांचं अधूनमधून वाजायचं.

नववीतली मनीषा ही बाईंची सगळ्यात तयार खेळाडू. डोंगरावरच्या वाडीतून सकाळच्या एसटीनं यायची. एका रविवारी आमच्या मैदानावर क्रीडा वसतिगृहासाठी निवड होती. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. नाही झाली तर दहावीनंतर शाळा बंद, हे तिच्या घरी ठरलेलं होतं.

त्या सकाळी अंग मोकळं करायला बाईंनी तीन-तीनचा डाव लावला आणि मनीषाला नेहमीचा प्रश्न केला. तिच्या तोंडून शब्द फुटेना. नुसती धाप लागली होती.

"बरं नाही का गं?"

"नाय बाई, बरी हाय."

बाईंनी तिला हाताला धरून बाजूला बसवलं. "अशी दमलेली असताना निवडीचा सामना खेळली तर गुडघा घालवून बसेल. उत्तरार्धात उतरवते," त्या मला म्हणाल्या. पण निवड करायला आलेले गृहस्थ उत्तरार्धाला थांबलेच नाहीत. मनीषा रडत घरी गेली आणि शाळेत येईनाशी झाली.

पुढच्या रविवारी बाई तिच्या घरी निघाल्या, मीही सोबत गेले. स्टँडवर विचारलं, तर कंट्रोलर म्हणाला, "रविवारी शाळा नाय, वाडीची गाडी पन नाय." "म्हणजे निवडीच्या रविवारीही नव्हती," बाई म्हणाल्या. आम्ही चालत चढलो. अर्ध्या वाटेवरच माझा जीव मेटाकुटीला आला.

मनीषा अंगणात होती. बाईंनी विचारलं, "त्या दिवशी चालत आलीस, हे सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुमी म्हनाला असता, लांबची पोर नको."

"अगं, आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला यायचंस!"

"तुमी बोलावलं नाय, बाई."

मला मनीषाचा राग आला नाही, आमचीच लाज वाटली. सोमवारी ती शाळेत आली.

पुढच्या वर्षीच्या निवडीच्या आदल्या दिवशी बाई स्वतः वाडीवर गेल्या आणि तिथल्या सगळ्या खेळणाऱ्या मुलींना आपल्या घरी घेऊन आल्या. त्यातल्या दोघींची निवड झाली. मनीषाचं निवडीचं वय तोवर उलटून गेलं होतं.